कमरेएवढ्या पाण्यातली शाळा

कॅनडात उतारवयाला लागलेल्या माणसाला सर्वांत अधिक भय कशाचे, असा प्रश्न केला तर मुंबई-ठाण्याचे आमचे वाचक थंडीचे नाव घेतील. वस्तुतः थंडीचा बंदोबस्त येथे चोख आहे. घर ऊबदार, बस ऊबदार, दुकान ऊबदार, आणि अंगावर लोकरीचे थर. भय आहे ते पडण्याचे. पासष्टी उलटलेल्या दर शंभर माणसांत वीस ते तीस जण वर्षातून एकदा तरी पडतात, आणि ह्या वयाच्या लोकांस दुखापतीमुळे इस्पितळात न्यावे लागते त्याचे पहिले कारण पडणे हेच आहे. डिसेंबर ते मार्च ह्या महिन्यांत पायऱ्यांवर व पदपथांवर बर्फाचा जो पातळ, पारदर्शक पापुद्रा धरतो तो डोळ्यांस दिसत नाही. तो पायास कळतो, आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

हा प्रश्न येथे किती गंभीर मानतात ते पाहावयाचे असेल तर टोरांटोच्या पुनर्वसन संस्थेतील बर्फाची खोली पाहावी. खोलीची जमीन खऱ्या बर्फाची असून सबंध खोलीच कलती करता येते. माणसाला पट्ट्यांनी वर अडकवून त्या उतारावर चालावयास लावतात आणि त्याच्या पायांतील बूट कोणत्या कोनाला दगा देतो ते मोजतात. २०१६ साली ह्या परीक्षेचे निकाल पहिल्यांदा प्रसिद्ध झाले तेव्हा बाजारातले बहुतेक बूट नापास ठरले होते. महागडे बूटही त्यातून सुटले नाहीत.

आमच्या घरी हा विषय २०२२ च्या जानेवारीत आला. आमची पत्नी दारापुढील तिसऱ्या पायरीवरून घसरली आणि तिचे डावे मनगट मोडले. हाड सहा-सात आठवड्यांत सांधले. परंतु त्यानंतर ती घरातल्या घरात, कोरड्या जमिनीवरसुद्धा, पाऊल टाकण्यापूर्वी भिंत चाचपू लागली. पुढचा सबंध हिवाळा तिने खिडकीशी बसून काढला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, पडण्याच्या धास्तीने माणूस हिंडणे-फिरणे कमी करतो, हिंडणे कमी झाले की पायांतील बळ जाते, आणि बळ गेले की तो खरोखरच पडतो. हे चक्र कोठे तोडावयाचे ते मात्र औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

असो. येथील पेन्शनर मंडळी हिवाळ्यात दक्षिणेकडे जातात हे सर्वश्रुत आहे. त्यांना स्थलांतरी पक्ष्यांचेच नाव पडले आहे. उन्हाची ही ओढ केवळ पेन्शनरांपुरती नाही. कॅरिबियन समुद्रातली टर्क्स आणि कैकोस ही बेटे कॅनडाला जोडून घ्यावीत असा विचार १९१७ साली खुद्द पंतप्रधान बोर्डन यांनी मांडला होता. १९७४ साली मॅक्स सॉल्ट्समन नावाच्या खासदाराने त्यासाठी संसदेत विधेयक आणले, आणि २००४ साली नोव्हा स्कोशिया प्रांताच्या विधिमंडळाने ह्या बेटांना आपल्या प्रांतात येण्याचे निमंत्रण देणारा ठराव केला. बेटे आली नाहीत. माणसे मात्र विमाने भरभरून तिकडे जात असतात.

आम्ही उभयतां २०२४ च्या फेब्रुवारीत गेलो ते बोनेर ह्या बेटावर. निमित्त होते विंडसर्फिंगचे. हा शब्द ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे.

आमचे बालपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेले. शिडाची होडी, डोलकाठी, सुकाणू आणि तांडेल ह्या गोष्टी ज्याने लहानपणी पाहिल्या त्याला विंडसर्फिंग पहिल्यांदा पाहताना हसू येते, कारण ह्या वाहनाला सुकाणूच नाही. एक लांबट फळी असते, तिच्यावर एक डोलकाठी, आणि डोलकाठीच्या बुडाशी चोहोकडे वळणारा सांधा. शीड आपण होऊन उभे राहत नाही. फळीवर उभ्या असलेल्या माणसाने शिडाभोवतीच्या कमानीसारख्या दांडीला धरून ते पेलावयाचे. शीड फळीच्या पुढील टोकाकडे झुकवले की फळी वाऱ्यापासून दूर वळते, पाठीमागे झुकवले की वाऱ्याकडे तोंड करते. तांडेल, खलाशी आणि सुकाणू ही तिन्ही कामे एकाच देहाने करावयाची असतात. त्या देहाचा तोल गेला की तिन्ही कर्मचारी एकदम पाण्यात.

ह्या साधनाचा जनक कोण ह्यावर पुष्कळ वाद झाला. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६४ साली अशी फळी केली होती. कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइट्झर व जिम ड्रेक यांनी १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला व खेळाला जगभर नेले. पुढे इंग्लंडच्या न्यायालयात असे पुढे आले की पीटर चिल्व्हर्स नावाच्या मुलाने १९५८ सालीच, वयाच्या बाराव्या वर्षी, हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर हाच खेळ मांडला होता. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून विंडसर्फिंगला तेथे स्थान मिळाले. इस्राएलला ऑलिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले ते ह्याच खेळाने. २००४ साली अथेन्समध्ये गल फ्रिडमन जिंकला तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी हा शब्द प्रथम ऐकला असेल. २०२४ साली टॉम रूवेनी ह्याने पुन्हा तसेच सुवर्णपदक आणले. आपल्या भारताच्या इबाद अली ह्यानेही २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत कांस्यपदक घेतले.

आम्ही स्वतः १९८७ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, टोरांटोच्या चेरी बीचवर हा खेळ शिकलो, आणि पाठोपाठ पत्नीही शिकली. त्या काळी ह्या खेळाची लाटच आली होती आणि मोटारीच्या टपावर फळी बांधलेली नसेल तो तरुण नव्हे, अशी स्थिती होती. चेरी बीच बंदराच्या पूर्वेस आहे. समोर शहराच्या बांधकामांचा राडारोडा टाकून केलेली लांबलचक भूशिर असल्यामुळे मोठ्या लाटा आत येत नाहीत. तेथे आम्ही सरळ जाणे, वळणे आणि परत येणे शिकलो. त्यानंतर पस्तीस-छत्तीस उन्हाळे सरळ गेलो, वळलो आणि परत आलो. एवढ्या वर्षांत त्यापुढे काही शिकलो नाही.

ह्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. ओंटारिओ सरोवर सर्वांत खोल ठिकाणी २४४ मीटर खोल आहे. एवढे पाणी जूनमध्येही धड तापत नाही. ऑगस्टमध्ये ते पोहण्याजोगे होते, तोच एखाद्या दिवशी वारा वरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, खालचे गार पाणी वर येते, आणि काल ज्यात डुंबलो त्यात आज पाय घालवत नाही. गार पाण्यात पडलेल्या माणसाचे काय होते ह्याचा अभ्यास मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करून केला. त्यांचे सूत्र येथील पाणीखेळाच्या लोकांना पाठ असते: बर्फासारख्या पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणावयास एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी एक तास. आमच्यासारख्या उन्हाळी खेळाडूवर ती पाळी सहसा येत नाही. तरीपण रबरी पोशाख, जीवरक्षक जाकीट, आणि डोक्यात सदैव एकच विचार, की पडू नये. जेथे पडणे महाग असते तेथे माणूस न पडण्याची कला तेवढी शिकतो, आणि विंडसर्फिंगच्या करामतींत तर प्रत्येक करामतीचे पहिले पन्नास प्रयत्न पडण्यातच जातात.

ह्या करामतींना फ्रीस्टाइल म्हणतात. शर्यतीत कोण पुढे हे पाहतात. फ्रीस्टाइलमध्ये शीड गरगर फिरवणे, पाठमोरे उभे राहणे, उलट्या शिडाने जाणे, हवेत उडून फळीसकट वळणे असले खेळ असतात. त्यांची पंढरी म्हणावी अशी ठिकाणे बहुतेक कॅरिबियन समुद्रात आहेत. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील कबारेते हे कोळ्यांचे खेडे होते. १९८० च्या दशकात ज्याँ लापोर्त नावाचा क्वेबेककडचा एक विंडसर्फर तेथे आला आणि त्याच्यामागून जग आले, असे तेथे सांगतात. अरुबा बेटाची सारा-किता ऑफ्रिंगा २००८ पासून अनेकदा फ्रीस्टाइलची जगज्जेती झाली. बोनेरच्या किरी थोडनेही जगज्जेतेपद मिळवले, आणि त्याच बेटाचे टोंकी व टाटी हे फ्रान्स बंधूही अग्रगण्य खेळाडूंत गणले गेले. पुण्यातल्या एखाद्या पेठेएवढीच वस्ती असलेल्या बेटावर एवढे मल्ल निपजावेत ह्याला काहीतरी कारण असले पाहिजे.

ते कारण लाक नावाच्या उपसागरात आहे. टोरांटोपासून साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ हे बेट आहे. ते २०१० पासून नेदरलंड्सची एक विशेष नगरपालिका आहे. त्याच्या पूर्व अंगाला लाक. त्याच्या तोंडाशी प्रवाळाचा बांध असल्यामुळे महासागराच्या लाटा बाहेरच फुटतात. आत पाणी गुडघ्याएवढे, मांडीएवढे, फार तर छातीएवढे, आणि किनाऱ्यापासून शेकडो पावले चालत गेले तरी बव्हंशी कमरेएवढेच. ते बाराही महिने कोमट असते. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, म्हणजे समुद्राकडून खाडीच्या आत वाहतात. फळी हातून सुटली, माणूस दमला, तरी वारा त्याला महासागरात नेत नाही. तो त्याला आतल्या तिवराच्या झाडीकडे नेऊन सोडतो. तेथून चालत परत यावे. आमच्या कोकणातल्या खाजणाची आठवण यावी अशी ती झाडी आहे, फक्त तेथे चिखलाऐवजी पांढरी वाळू. सबंध किनारा १९७९ पासून संरक्षित सागरी उद्यान आहे. पाण्याखालच्या गवताच्या कुरणांवर पाय देऊ नये म्हणून बजावतात, आणि ते योग्यच आहे.

तेथली मुले चालू लागली की ह्या पाण्यात येतात. पडतात, उभी राहतात, पुन्हा फळीवर चढतात. तासाभरात एक मूल जितके पडते तितके आम्ही चेरी बीचवर तीन उन्हाळ्यांत पडलो नसू.

कन्येने निघताना फोनवर सांगितले, “पप्पा, तुम्ही काय हवे ते करा, पण मम्मीला पाण्यात उतरवू नका.” पत्नीचा तसा विचारही नव्हता. तिने दोन कादंबऱ्या आणि विणकाम बरोबर घेतले होते.

आमचे शिक्षक पंचविशीचे, बेटावरच जन्मलेले. पहिल्या सकाळी त्यांनी आम्हांस सरळ जाऊन वळून यावयास सांगितले. आम्ही ते केले, आणि कौतुकाची अपेक्षा धरून त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, “तुम्ही फार छान चालवता. आता मला पडून दाखवा.” आम्हांस वाटले ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा तेच सांगितले, आणि मग तो सबंध तास पडण्यातच गेला. पडण्याचे शास्त्र असते. पाठीवर, आडवे, अंग सैल सोडून पडावे. पाणी उथळ असल्यामुळे सूर मारावयाचा नाही आणि उभ्याने पायही रोवावयाचे नाहीत. शक्य तोवर दांडी हातची सोडावयाची नाही, म्हणजे डोलकाठी कोठे आहे ते ठाऊक राहते. वर येताना एक हात डोक्यावर धरून यावयाचे, कारण शीड अजून आपल्या मागून पडत असते. हे सारे आम्ही पस्तीस वर्षे ऐकून होतो. एका तासात चाळीस वेळा केल्यावर ते अंगाला कळले. जेवणाच्या वेळी असे ध्यानात आले की आमचे खांदे, जे फळीवर सदैव कानांपर्यंत चढलेले असत, ते खाली उतरले आहेत.

पहिली करामत होती शिडाच्या उलट बाजूस उभे राहण्याची. नेहमी माणूस वाऱ्याच्या बाजूस उभा राहून शीड आपल्याकडे ओढतो. ह्यात तो शिडाच्या पलीकडे जातो, आणि वारा शीड त्याच्या अंगावर लोटीत असता ते हातांनी अडवून, प्रसंगी त्याला पाठ टेकून, फळी पुढे नेतो. आम्हांस हे तीन दिवसांत साधले. दुसरी करामत हेलिकॉप्टर. वाऱ्याच्या दिशेने वळताना एरवी डोलकाठीला वळसा घालून चटकन पलीकडे जावे लागते, आणि सदुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना ते चटकन जमत नाही. हेलिकॉप्टरमध्ये पळावयाचे नसते. फळीचे तोंड वाऱ्यात आणावयाचे, शीड पुढे झुकवून मागच्या हाताने वाऱ्यावर उलटे रेटावयाचे. वारा शिडाच्या पाठीवर बसतो आणि फळीचे टोक पलीकडे ढकलून देतो. त्या क्षणी मागचा हात सोडावयाचा. शीड पुढच्या टोकावरून गरकन फिरते, दुसऱ्या बाजूने दांडी हाती येते, आणि माणूस उलट दिशेने चालू लागलेला असतो. पाय जवळजवळ जागच्या जागी. म्हातारपणासाठीच कोणी योजिली असावी अशी ही करामत आहे. अडचण एवढीच की हात नेमका सोडावयाच्या क्षणी मन तो सोडू देत नाही. तेथे आम्ही चार दिवस अडलो. तळहातांचे फोड फुटले, त्यांवर चिकटपट्टी लावली, ती पाण्यात सुटली.

पाचव्या दिवशी दुपारी शिक्षक किनाऱ्यावर पत्नीपाशी जाऊन बसले. काय विणता आहात, कोणासाठी, अशी चौकशी झाली. मनगटाची हकिकत निघाली. त्यांनी तिला शिकण्याचा आग्रह केला नाही. एवढेच विचारले, “फळीवर नुसते बसाल का? शीड नको. मी धरून ठेवतो.” ती आमच्याकडे पाहून म्हणाली, “अहो, तुम्ही सांगितलेत ना ह्यांना?” आम्ही सांगितले नव्हते. ती उठली, चप्पल काढून ठेवली आणि पाण्यात गेली.

ती फळीवर बसली. मग गुडघ्यांवर. शिक्षकांनी सांगितले, “आता बाजूला कलंडा. पाणी तुमच्या मांडीएवढे आहे, तुम्ही उभ्या राहू शकता.” ती बराच वेळ तशीच राहिली. आम्ही तेथून पंधरा हातांवर होतो व आमचे शीड पाण्यात पडून होते. तिचे डावे मनगट तिने छातीशी घट्ट धरले होते, दोन वर्षे धरीत आली होती तसेच. मग ती कलंडली. पाण्यावर थोडा आवाज झाला. ती उठून उभी राहिली, तोंडावरचे केस सारले, मनगट डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिले, आणि शिक्षकांस म्हणाली, “पुन्हा.” त्या दुपारी ती किती वेळा पडली ते आम्ही मोजले नाही. सूर्य कलल्यावर तिला बाहेर यावयास सांगावे लागले.

टोरांटोच्या ज्या संस्थेचा उल्लेख वर केला, तेथील संशोधक वृद्धांच्या तोलाबाबत काही वर्षे असाच प्रयोग करीत आले आहेत हे आम्हांस परतल्यावर वाचावयास मिळाले. वृद्ध माणसाला पट्ट्यांनी सुरक्षित बांधतात, आणि मग त्याला मुद्दाम धक्का देतात किंवा त्याच्या पायाखालची जमीन अचानक सरकवतात. तोल गेल्यावर सावरण्याचे पाऊल कसे टाकावयाचे ते सांगून शिकवता येत नाही. तोल खरोखर गेला तरच देह ते शिकतो, असे त्यामागचे तत्त्व. बोनेरच्या त्या तरुणाने हे वाचले असेल असे वाटत नाही. त्याच्याजवळ पट्ट्यांच्या जागी पाणी होते.

ह्या वाटेने कोणी जाऊ म्हणेल तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवाव्याशा वाटतात. हृदयाची व रक्तदाबाची तपासणी आधी करावी, कारण शीड पाण्यातून ओढून काढण्याला वाटते त्यापेक्षा फार जोर लागतो. पायांत रबरी पादत्राण हवेच, सागरी अर्चिनचे काटे निघता निघत नाहीत. नवशिक्याने मोठी, दोनशे लिटर धारणेची फळी आणि लहान शीड मागावे. आमच्या पत्नीला साडेतीन चौरस मीटरचे दिले होते. सकाळचा वारा सौम्य असतो तेव्हाच शिकावे, दुपारचा तरुणांस सोडून द्यावा. दोन तासांहून अधिक पाण्यात राहू नये. ऊन पाण्यावरूनही लागते, तेव्हा लांब बाह्यांचा सदरा घालावा. खर्च थोडाथोडका नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही त्या वर्षी मोटार बदलण्याचा विचार सोडून दिला. मुंबईकडच्या मंडळींना एवढ्या दूर जाण्याचे कारणही नाही. गोव्यात दोना पावला येथे जलक्रीडांची राष्ट्रीय संस्था आहे आणि आपल्या किनाऱ्यावर पाणी बाराही महिने कोमट आहे. पाहावयाचे ते भरती-ओहोटीचे, कारण लाकमध्ये पाणी वीतभरच चढते-उतरते, आणि आपल्या खाड्यांचे तसे नाही हे अलिबागच्या माणसाला सांगावयास नको.

त्या वर्षीचा बाकीचा मुक्काम पत्नीने गुडघ्यांवर व नंतर उभ्याने, शीड हाती धरून काढला. आम्हांस शेवटून दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर एकदा साधले. किनाऱ्यावर पाहावयास एक गाढव तेवढे होते. त्या बेटावर ती मोकाट फिरतात.

टोरांटोस परतलो तेव्हा मार्चचा पहिला आठवडा होता आणि दारापुढे बर्फ होते. पत्नी तिसऱ्या पायरीवर थांबली, कठडा धरला, आणि उतरली. कठडा ती अजूनही धरते, आणि आमच्या मते धरावाच. परंतु पुढच्या हिवाळ्यात ती पाव आणावयास स्वतः जाऊ लागली. आम्ही बरोबर येतो म्हटले तर कधी होकार मिळे, कधी नकार.

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा गेलो. ह्या खेपेस विणकाम नेले नव्हते. तिला हेलिकॉप्टर सहाव्या दिवशी जमले. आम्हांस जमावयास जेवढे दिवस लागले होते त्याहून ते कमी आहेत, आणि ही गोष्ट घरात अधूनमधून निघते. आमचे अद्याप दहापैकी चारच साधतात.

त्या ऑगस्टमध्ये चेरी बीचवर, जेथे पाणी छातीएवढे आहे अशा पट्ट्यात, तिने ते करून दाखवले. सरोवर त्या दिवशी कोमट होते. शेजारी दोन तरुण आपली शिडे बांधीत होते, त्यांतला एक पाण्यात येऊन तिला विचारू लागला की हात नेमका केव्हा सोडायचा. ती त्याला इंग्रजीत समजावीत होती, पण तोंडून “आता! आता!” असे मराठीत निघत होते.

येत्या फेब्रुवारीची तिकिटे काढली आहेत. पत्नीने साडेचार चौरस मीटरचे शीड राखून ठेवावयास कळवले आहे. कन्येने फोनवर विचारले, “मम्मी, ते मोठे की लहान?” मोठे, असे उत्तर मिळाले.